विमानवाल्यांनी लिहून दिलेली हळद

माझ्या तोंडाला लगाम नाही, यावर माझ्या माहेरचं आणि सासरचं एकमत आहे. ठाण्याला नौपाड्यात डोळ्यांच्या एका दवाखान्यात मी काउंटरवर बसते. पेशंट फार कटकट करायला लागला की डॉक्टर त्याला गोड हसून माझ्याकडे पाठवतात. त्यामुळे विमान कंपनीशी भांडायची वेळ आली तेव्हा हे कोण करणार, असं घरात कुणी विचारलंसुद्धा नाही. नवरा नुसतं एवढंच म्हणाला, "जरा सांभाळून." ते मी ऐकलं नाही, आणि तिथेच माझं चुकलं.

भांडण माझ्यासाठी नव्हतं. ते सासूबाईंसाठी होतं.

मी डोंबिवलीच्या सोसायटीत वाढलेली मुलगी. लग्न करून रिक्षाने दहा मिनिटांवर गेले आणि वेगळ्याच गावात पोचले. सासर आगरी. एके काळी भातशेती होती, आता तिथे टॉवर आहेत आणि एमआयडीसीचा वास आहे, पण गाव अजून गावच आहे. आणि त्या गावात माझ्या सासूबाई धवलारीण आहेत. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असतो, पण त्याच्या आधी धवलारीण लागते. प्रत्येक विधीला ती धवले गाते. हळदीच्या धवल्यात गावच्या देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावतात. सगळ्यात शेवटी गावदेवीला बोलावतात. ती आली की हळद लागली, असं आमच्याकडे धरतात. हे कुठे लिहिलेलं नाही. सासूबाईंना त्यांच्या सासूने तोंडी शिकवलं आणि गेली चाळीस-बेचाळीस वर्षं त्या हे करतायत. सुरुवातीला मला वाटायचं, बाई छान गाणी म्हणतात. ती गाणी नाहीत, तो त्यांचा शब्द आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

सासूबाईंची एक भाची वीस वर्षांपासून बंगलोरला असते. तिच्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत ठरलं. मुलगी तिथेच वाढलेली, कॉम्प्युटरवाली, मराठी बोलते तेही मध्येच कानडी हेल काढून. पण तिनेच हट्ट धरला. म्हणाली, हळद आजीच लावणार, नाहीतर मी पाटावर बसणारच नाही. तिने स्वतः आमची दोघींची विमानाची तिकिटं काढून पाठवली. सासूबाई तोवर विमानात बसल्या नव्हत्या. आठवडाभर त्या आल्यागेल्याला सांगत होत्या, "पोरीनं इमान धारलंय." धाडलंय म्हणजे विमान जणू दारात येऊन उभं राहणार होतं.

हळद संध्याकाळी सहाला, विमान सकाळी दहाला. बारापर्यंत पोचलो असतो, जेवलो असतो, वर एक झोपही काढली असती. पहाटेच निघालो. हँडबॅगेत नारळ होता, तो सिक्युरिटीवाल्यांनी काढून घेतला. सासूबाईंना ते आवडलं नाही. विमानतळावर त्या हिरव्या लुगड्यात, नाकात नथ, पायात नव्या चपला घालून अशा ताठ बसल्या होत्या की लोक वळून बघत होते.

मग सुरू झालं. आधी म्हणाले, अर्धा तास उशीर. मग एक तास. मग बोर्डावर अकरा पंचेचाळीस, मग दीड, मग तीन. काही विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणायची, "ऑपरेशनल कारण आहे मॅम." मी म्हटलं, "ऑपरेशन म्हणजे काय, कुणाचं पोट फाडताय का?" ती बिचारी हसलीही नाही. नंतर मला कळलं की सहा तासांच्या वर उशीर होणार असेल तर दुसरं विमान द्यावं लागतं, नाहीतर तिकिटाचे सगळे पैसे परत द्यावे लागतात. म्हणून तर ते शहाणे एकदम सहा तास कधी म्हणालेच नाहीत. तासातासाने गोगलगायीसारखे पुढे सरकत राहिले. नऊ तासांत आम्हाला मिळालं काय, तर एक सँडविच. थंडगार, आत काकडीच्या दोन चकत्या. सासूबाईंनी ते माझ्या हातात परत दिलं. हळद लावायच्या दिवशी त्या हळद लागेपर्यंत उपाशी असतात, हे तेव्हाच मला आठवलं. सकाळपासून नुसत्या पाण्यावर होत्या.

पाच वाजता मी भाचीला फोन केला आणि सांगितलं की आम्ही वेळेत पोचत नाही. तिकडे मुलगी पाटावर बसायच्या तयारीत होती, पाहुणे जमले होते, हॉल दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नालाच मिळणार होता. हळद पुढे ढकलायला जागाच नव्हती. भाची म्हणाली, "आत्या फोनवरून गाईल का? आम्ही मोठ्या टीव्हीला जोडतो."

मी सासूबाईंना विचारलं. त्यांनी बोर्डाकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "शब्द दिलाय गो. बोलवायला तं लागंल."

गेटसमोरच्या खुर्च्यांच्या रांगेत, माझ्या फोनकडे तोंड करून, त्या उभ्या राहिल्या. डोक्यावरून पदर घेतला आणि धवला धरला. पहिल्या ओळीला आजूबाजूला कुजबुज झाली. तिसऱ्या ओळीला सगळे गप्प. सूट घातलेला एक माणूस लॅपटॉप बंद करून बघत बसला. एका पोरीने फोन वर धरून शूटिंग सुरू केलं. मला एरवी राग आला असता, पण तेव्हा माझंच लक्ष कुठे होतं? माझ्या हातातल्या फोनवर ती मुलगी पाटावर बसलेली दिसत होती, डोळे मिटून. सासूबाई एकेक देव बोलावत होत्या. मग त्यांचे सासरे, सासू, त्यांचा वारलेला भाऊ, म्हणजे त्या मुलीचे आजोबा. त्या नावाला तिकडे भाचीने डोळ्यांना पदर लावला.

आणि शेवटाकडे आल्यावर डोक्यावरच्या भोंग्यातून घोषणा झाली. आमच्याच विमानाची. हिंदीतून, इंग्रजीतून, परत हिंदीतून. लोक उठले, रांग लागली, कुणाच्या तरी ट्रॉलीचं चाक सासूबाईंच्या पायावरून गेलं. मी त्यांचा दंड धरला. माझा फोन कानाला लावला तर तिकडून आवाज नव्हता, कॉल तुटला होता. पुन्हा लागला तेव्हा तिकडे हळद लावायला सुरुवात झाली होती, सगळे हसत होते. मी म्हटलं, चला, झालं एकदाचं.

विमानात बसल्यावर सासूबाईंनी माझा हात धरला. मला वाटलं, पहिल्यांदा बसतायत, घाबरल्या असतील. त्या म्हणाल्या, "गावदेवीला बोलवलं का गो मी?"

मी म्हटलं, "बोलावलंत की."

"तू ऐकलंस?"

मी ऐकलं नव्हतं. मी भोंगा ऐकत होते. पण मी हो म्हटलं, आणि मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं. त्यांना स्वतःलाही आठवत नव्हतं. त्या गडबडीत धवला शेवटाला नेला की मध्येच तुटला, हे त्या रात्रीपासून त्यांना काही केल्या आठवेना.

लग्न छान झालं. पण दोन महिन्यांनी ती मुलगी स्कूटरवरून पडली, पाय मोडला, आत रॉड घातला. फोनवर ती हसून म्हणाली, "काही नाही हो आजी, बंगलोरचे खड्डे." सासूबाईंनी फोन ठेवला आणि देवासमोर जाऊन बसल्या. फोन मध्येच तुटल्याची गोष्ट गावात पसरलेलीच होती. कुणीतरी म्हातारी ओट्यावर बोलून गेली, हळद अर्धी राहिली की असंच व्हायचं. ते फिरत फिरत घरी आलं. त्या दिवसानंतर सासूबाईंनी धवला म्हटला नाही. मे महिन्यात दोन लग्नं होती, दोन्हींना त्यांनी नाही म्हटलं. जिच्याकडून एक हळद पुरी होत नाही तिनं दुसऱ्याच्या मांडवात कशाला जायचं, एवढंच कारण त्या द्यायच्या. पुढे तुळशीचं लग्न झालं आणि शेजारची बाई तिच्या मुलीच्या हळदीला सांगायला आली. लहानपणापासून आमच्या ओट्यावर खेळलेली मुलगी. सासूबाईंनी तिलाही परत पाठवलं. ती बाई गेल्यावर त्या मोरीत जाऊन भांडी घासत बसल्या. भांडी घासायला आमच्याकडे बाई येते, आणि त्या दिवशी ती आधीच येऊन घासून गेली होती.

मला हे बघवत नव्हतं. मला राग येतो तेव्हा मला काहीतरी करायला लागतं, आणि देवावर तर केस करता येत नाही. म्हणून मी विमान कंपनीवर केली.

आधी त्यांना मेल पाठवली. उत्तर आलं की आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, सोबत पुढच्या प्रवासासाठी व्हाउचर. म्हणजे यांच्याच विमानात पुन्हा बसा, हे बक्षीस. दुसरी मेल पाठवली, तेच उत्तर, शब्दसुद्धा तेच. मग दवाखान्यात येणारे एक मोतीबिंदूचे पेशंट होते, त्यांनी फ्रिजवाल्याला ग्राहक आयोगात नेऊन जिंकलं होतं. ते म्हणाले, "ताई, वकील लागत नाही, तुम्हीच लिहा. पण नुसतं त्रास झाला असं लिहून भागत नाही. नुकसान काय झालं ते ठणकावून लिहा."

मे महिन्यातल्या त्या दोन नकारांनंतर, जूनमध्येच, मी बसून ठणकावून लिहिलं. नऊ तास, एक सँडविच, चुकीची माहिती, अडुसष्ट वर्षांची उपाशी बाई. सगळं खरं. आणि मग सहाव्या परिच्छेदात मी लिहिलं की, 'सामनेवाल्यांच्या विलंबामुळे वधूचा हळदीचा विधी अपूर्ण राहिला व तो कायमचा अपूर्ण आहे.' ते 'कायमचा' लिहिल्यावर मला माझाच अभिमान वाटला. दोनदा वाचून बघितलं.

तिकीट माझंही होतं, पण नुकसान सासूबाईंचं, म्हणून तक्रारदार त्या. मी कागद पुढे केले आणि म्हटलं, "आई, इथे, इथे आणि इथे सही करा." त्या चौथीपर्यंत शिकल्यात. एकेक अक्षर लावत त्यांनी सही केली. "काय लिवलंय?" असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, "विमान उशिरा आलं ते." हे काही खोटं नव्हतं. पण सहावा परिच्छेद मी त्यांना वाचून दाखवला नाही, कारण त्यांनी सही केली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांना रात्रंदिवस ज्याची भीती होती तेच मी त्यांच्या सहीने सरकारी कागदावर लिहून दिलं. आज लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

तारीख डिसेंबरात लागली. ठाण्याला आम्ही रिक्षा आणि बस करत गेलो, सासूबाईंना लोकलमधली गर्दी नको म्हणून. आयोगाचा हॉल म्हणजे काही सिनेमातलं कोर्ट नव्हे. लाकडी बाकं, खूप फायली, एक पंखा गरज नसताना फिरत होता. समोर अध्यक्षबाई आणि त्यांच्या शेजारी एक सदस्य. विमान कंपनीचा वकील पोरसवदा होता, कडक इस्त्रीचा, लॅपटॉप घेऊन आलेला. आमचा पुकारा झाला तेव्हा त्याने कंपनीचं उत्तर दाखल केलं आणि एक प्रत माझ्या हातात दिली. इंग्रजीत, चौदा पानं. मी ती नुसती मुठीत धरून उभी राहिले.

अध्यक्षबाईंनी चष्मा वर करून सासूबाईंकडे बघितलं. बाई सरळ होत्या, आवाजही मऊ होता. म्हणाल्या, "आजी, बसून बोललात तरी चालेल. तुमचं म्हणणं मी वाचलंय. फक्त हे सहाव्या परिच्छेदातलं नीट सांगा. हळदीचा विधी अपूर्ण राहिला आणि तो कायमचा अपूर्ण आहे, असं तुम्ही म्हणता."

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "असं कोन बोललं?"

"तुमचीच तक्रार आहे आजी. खाली तुमची सही आहे."

शिपायाने कागद आणून दाखवला. सासूबाईंनी सहीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या. माझं तोंड, जे एरवी कुणापुढे बंद होत नाही, ते तेव्हा उघडेना. मी कशीबशी म्हणाले, "आई, मी लिहिलं ते. तुम्हाला न सांगता."

त्या अध्यक्षबाईंकडे वळल्या आणि हात जोडले. "बाय, हे काटा. मना पैशे नको, काय नको. पोरीचा संसार हाय. तिच्या हलदीला अर्धी असं सरकारी कागदावर ठेवू नका."

हॉलमध्ये बसलेले लोक आमच्याकडे बघायला लागले. आणि तो वकील पटकन उठला. आता हा म्हणणार, बघा, तक्रारदार स्वतःच नाकारतेय, फेटाळून लावा. तो म्हणालाही तसंच काहीतरी. पण पुढे तो जे म्हणाला ते मी आधी इंग्रजीत ऐकलं आणि माझा माझ्याच कानांवर विश्वास बसेना. अध्यक्षबाईंनी ते मराठीत सांगितलं. "आजी, विमान कंपनीचंही म्हणणं हेच आहे. विधी अपूर्ण राहिला हे खोटं आहे, असं ते म्हणतात. तुम्ही विमानतळावरून फोनवर तो पूर्ण केलात, शेवटपर्यंत केलात, त्यामुळे तुमचं काही नुकसान झालं नाही, असं त्यांनी प्रतिज्ञापत्रावर दिलंय."

सासूबाई म्हणाल्या, "यान्ला काय ठाव?"

"त्यांच्याकडे व्हिडिओ आहे."

व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्याकडेही एक तुकडा फिरत आला होता, अर्ध्या मिनिटाचा, त्यात फक्त सुरुवात होती. पण त्या शूटिंग करणाऱ्या पोरीने अख्खा व्हिडिओ कंपनीचं नाव जोडून इंटरनेटवर टाकला होता, बघा तुमच्या उशिरामुळे काय झालं म्हणून. कंपनीने तो जपून ठेवला आणि आता आमच्याच विरुद्ध काढला.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "लावा."

वकिलाने लॅपटॉप टेबलावर फिरवला. सासूबाई पुढे गेल्या. पडद्यावर त्या होत्या, हिरव्या लुगड्यात. त्यांनी स्वतःकडे फारसं बघितलं नाही. डोळे मिटले आणि ऐकायला लागल्या. ओठ हलत होते, गाण्याच्या बरोबरीने, एकेक नावावर. मला धवला पाठ नाही, पण त्यांच्या ओठांवरून कळत होतं कुठे आलोय ते. सासरे. सासू. भाऊ. मग लॅपटॉपमधून तो भोंगा वाजला, हिंदीतून, इंग्रजीतून. पडद्यावर माणसं उठली, चित्र हललं, कुणाची तरी पाठ आडवी आली. सासूबाईंचे ओठ थांबले.

त्या पाठीमागून, भोंग्याच्या आवाजाखालून, त्यांचाच आवाज आला. बारीक, पण एका सुरात. त्यांनी गावदेवीला हाक मारली. एकदा, मग दुसऱ्यांदा, मग नाव घेऊन तिसऱ्यांदा, जशी मारतात तशी. मग शेवटची ओळ. मग मी त्यांचा दंड धरताना दिसले आणि तिथे व्हिडिओ संपला.

सासूबाईंनी डोळे उघडले. शेजारच्या बाकाची पाठ धरून त्या हळूच खाली बसल्या. चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण दहा महिने खांद्यावर घेतलेलं ओझं कुणीतरी खाली उतरवून ठेवावं, तसे त्यांचे खांदे खाली आले. मी तिथेच रडायला लागले. शिपाई माझ्याकडे बघून घाबरला.

अध्यक्षबाईंनी थोडा वेळ दिला आणि विचारलं, "पण आजी, फोन तर मध्येच तुटला होता, असं तक्रारीत आहे. तिकडे शेवटचं ऐकू गेलं नसेल."

सासूबाई म्हणाल्या, "देवांना बोलवाया नेटवर्क लागत नाय, बाय. मी बोलवलं का नाय, येवढंच ठाव नव्हतं." मग त्या वकिलाकडे वळल्या. "पोरा, हे तू लिवून दिलंय ना? सहीनं?"

"कंपनीच्या अधिकाऱ्याची सही आहे, आजी." मराठी येत होतं त्याला, इतका वेळ उगाच इंग्रजी फाडत होता.

"शिक्का?"

"शिक्का पण आहे."

"हलद पुरी झायली, असं?"

त्याने अध्यक्षबाईंकडे बघितलं, मग आमच्याकडे. आपण जिंकतोय की हरतोय, हे त्याला समजत नव्हतं. "हो," तो म्हणाला, "पूर्ण झाली, असंच लिहिलंय. पान नऊ."

"मना त्याची नक्कल पायजे."

"ती तुमच्या सूनबाईंच्या हातातच आहे आजी. ती तुमचीच प्रत."

मी मुठीत चुरगाळलेली चौदा पानं सरळ केली आणि त्यांच्या हातात दिली. सहावा परिच्छेद अध्यक्षबाईंनी आमच्या विनंतीवरून वगळला. मग त्या म्हणाल्या, हळदीचं राहू दे, पण उशिराबद्दल काही म्हणायचंय का? तेवढ्यात माझं तोंड परत जागेवर आलं. नऊ तास, थोडा थोडा वाढवलेला उशीर, दुसऱ्या विमानाचा पर्याय न देणं, ते काकडीचं सँडविच, मी एकही गोष्ट सोडली नाही. वकील म्हणाला, सँडविच दिलं हे तर मान्य आहे ना? मी म्हटलं, तुम्ही खाऊन दाखवा. अध्यक्षबाईंनी मला समज दिली, पण हसत. निकाल पुढे उन्हाळ्यात आला, आमच्या बाजूने, उशिरापुरता. पैसे आले, माफीचं पत्रही आलं, ते कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते मला शोधावं लागेल. पान नऊ मात्र देव्हाऱ्याखालच्या फडताळात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत.

पण ते नंतरचं. त्या दिवशी बाहेर आल्यावर जिन्यात मी सासूबाईंचे पाय धरायला वाकले. त्यांनी मला दंडाला धरून वर केलं. "परत माझी सही घेतलीस तं आधी वाचून दाखवायचं. सगला. शेवटापरयंत." एवढंच म्हणाल्या, आणि विषय त्यांच्याकडून संपला. माझ्याकडून अजून संपलेला नाही.

मग म्हणाल्या, "पोरीला फोन लाव."

मी बंगलोरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मुलगी ऑफिसात होती, घाईत होती. "बोला आजी, सगळं ठीक ना?"

"ठीक हाय. ऐक. तुझी हलद पुरी हाय. मी शेवटापरयंत बोलवलं. गावदेवीला तीनदा. इमानवाल्यांनी सही-शिक्क्यानं लिवून दिलंय, कोर्टात. माझ्या हातात कागद हाय."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, पुन्हा कॉल तुटला. मी फोन कानाजवळ नेला, तर ती रडत होती. आम्हाला खड्ड्यांचे विनोद सांगणारी ती मुलगी हुंदके देत होती.

"मला पण माहीत होतं आजी," ती म्हणाली, "कॉल कट झालेला. मी डोळे मिटून बसलेली ना, मला शेवटचं ऐकूच नाही आलं. आईने हळद लावली तेव्हा मी काही बोलले नाही. मग पाय मोडला. रोज वाटायचं तुम्हाला विचारावं. पण तुम्ही नाही म्हणालात तर काय करायचं, म्हणून विचारलंच नाही."

सासूबाई जिन्याच्या कठड्याला टेकल्या. दहा महिने दोघी एकमेकींना फोन करत होत्या, पाय कसा आहे, जेवलीस का, नवरा कसा आहे, आणि दोघींच्या पोटात एकच भीती होती. एकीनेही दुसरीला विचारलं नव्हतं.

"आता विचार," सासूबाई म्हणाल्या.

"हळद लागली ना आजी?"

"लागली गो. पुरी लागली." त्यांनी पदराने डोळे पुसले. "आता ठेव. शेजारच्या पोरीची हलद पंधरा दिसांवर आलीय, मना तिच्या आईकडं जायाचंय. मी नाय बोलली होती तिला."